मांडीवरचं लेकरू

माझ्या सुनेची एक खोड मला कधी पटली नाही. कुणी काही विचारलं की जे असेल ते सांगून मोकळी व्हायची. शेजारीण सहज विचारायची, काय केलंस गं कालवण, की ही सांगणार, काही नाही, भाकरी अन् ठेचा. अगं, वरण केलं म्हण, वांगं केलं म्हण. तुझ्या पातेल्यात कोण बघायला येतंय? एकदा माझी नणंद आली आणि माझ्या तोंडावर म्हणाली, प्रयागा, तुझ्या दारात दुभतं असून चहा बिनदुधाचा कसा? मी काही बोलायच्या आत आमची मनकर्णा म्हणते, "बकरीचं दूध फाट्यावरच्या हॉटेलात जातं. आत्याबाई रोज सकाळी पाठवतात." आत्याबाई म्हणजे मी. नणंद हसली आणि आमचा तो काळा चहा तिनं भावकीत वर्षभर पुरवून पुरवून सांगितला.

त्यामुळं त्या दिवशीही मला भीती होती ती हिच्याच तोंडाची.

सकाळचे नऊ वाजले असतील. मी ओट्यावर पाय पसरून बसले होते आणि पायांवर शेजारच्या अनुसयेची नात होती, पिंकी. मी बोरखेडीची सुईण. बोरखेडी आणि आसपासच्या चार वाड्या मिळून पाचशेच्या वर लेकरं माझ्या हातावर आली. पुढं पुढं बाया बाळंतपणाला दवाखान्यात जायला लागल्या, तरी लेकराला तेल लावायचं म्हटलं की पाय माझ्या ओट्याकडंच वळायचे. अनुसयेची लेक दुसऱ्या खेपेला माहेरी आली होती, आणि तिची ही थोरली दीड वर्षाची झाली तरी तिला माझाच हात लागायचा. लेकरू कसलं, लोण्याचा गोळा. मांड्यांना वळ्या पडलेल्या. तेल लावताना खिदळायची.

तेवढ्यात खांद्याला झोळी लावलेली एक पोरगी चपला पायरीखाली काढून वर आली. नाव म्हणाली हेमांगी. शहरातल्या कुठल्याशा संस्थेची होती. गरिबाच्या घरात लेकरं कशी वाढतात, काय खातात, सरकारची कोणती योजना दारापर्यंत येते आणि कोणती वाटेतच जिरते, याचा अभ्यास करत गावोगाव हिंडत होती. दर घरातलं लेकरू आज मोजायचं, सव्वा-दीड महिन्यानं तेच पुन्हा मोजायचं, असं दोन वर्षं चालणार होतं. मी तिला विचारलं, माझ्या घरात गरीब कोण आहे म्हणून तू आलीस? ती वरमली नाही. म्हणाली, अंगणवाडीच्या यादीत ज्यांच्या घरी लहान मूल आहे ते प्रत्येक घर आम्ही घेतो, आजी. सरपंचांचंही घेतलं. मग मी तिला बसायला पोतं टाकलं.

ती विचारत गेली, मी सांगत गेले. काल लेकरानं काय खाल्लं? दूध-भात, वरण, वर तुपाची धार. अंडं देता का? अंडं उष्ण पडतं. घरात दुभतं आहे? आहे. हे खोटं नव्हतं, बकरी समोरच बांधलेली होती. घरात कमावतं कोण? लेक, दिगंबर, कापसाच्या जिनिंगमध्ये आहे, पंधरा दिवसांनी येतो. मनकर्णा दारात येऊन उभी राहिली होती. हात पिठाचे. मी तिच्याकडं बघितलंच नाही, बघितलं असतं तर ती काहीतरी बोलली असती.

मग त्या पोरीनं यादीवर बोट ठेवलं आणि माझ्या पायांवरच्या लेकराकडं बघून हसली.

"भाग्यश्री दिगंबर. हीच ना भागू?"

मी हो म्हटलं.

ठरवून म्हटलं असं मी आजही म्हणणार नाही. तोंडातून निघून गेलं. पण ते परत घ्यायला मला सबंध सकाळ होती आणि मी ते घेतलं नाही, हेही खरं.

हेमांगीनं झोळीतून एक पट्टी काढली. लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगाची. ती पिंकीच्या दंडाला गुंडाळली. पट्टी हिरव्यावर आली, चांगली आतपर्यंत. मग माझ्या घराच्या वाशाला काटा अडकवला, पिंकीला कापडाच्या झोळीत घातलं आणि वजन लिहून घेतलं. पिंकी काट्याला लोंबकळून हसत होती. हेमांगी म्हणाली, "आजी, तुमच्या हाताला गुण आहे. एवढं बाळसं धरलेलं मूल या गावात आज पहिल्यांदा बघितलं."

हे शब्द मला गोड लागले. एवढे गोड की दुसऱ्याच्या लेकराचं कौतुक आपण घेतोय हे क्षणभर विसरलेच.

आणि तेव्हाच आत भागू रडली, माझी सख्खी नात. तिचं रडणं मांजराच्या पिलासारखं झालं होतं, बारीक, मध्येच तुटणारं. हेमांगीनं मान वर केली. आत कोण रडतंय?

"शेजारणीचं लेकरू आहे," मी म्हटलं. "सुनेनं घेतलंय सांभाळायला."

आणि आता मी मनकर्णेकडं बघितलं. माझी ती नजर घरात सगळ्यांना माहीत होती. दिगंबर तिशीला आला तरी त्या नजरेला खाली बघायचा. मनकर्णेच्या ओठांवर काहीतरी आलं. मला वाटलं, गेलं आता सगळं. पण ती वळली आणि आत गेली. रडणं थांबलं. कशानं थांबलं ते मला ठाऊक होतं. दूध कधीच आटलं होतं, तरी ती पोरीला छातीशी लावून बसायची.

भागूचं आता सांगायला पाहिजे. जन्मली तेव्हा चांगली होती, मीच काढली तिला. आठव्या महिन्यात जुलाब लागले. मी म्हटलं दात येतायत. भाकरी बंद केली, खिचडी बंद केली, वरणाचं वरचं पाणी आणि दिवसाला एकदा माझ्या हातची बाळगुटी. जुलाब थांबले की पुन्हा लागायचे, आणि लागले की मी आणखी काहीतरी बंद करायची. पाचशे लेकरांना माझं औषध लागू पडलं, ते घरच्या लेकराला कसं पडणार नाही? बकरीचं दूध जड पडतं म्हणून ते हॉटेलात. दीड वर्षाची झाली तरी ती धरल्याशिवाय उभी राहत नव्हती. केस तांबूस झाले होते, ढुंगणाची कातडी लोंबत होती. मी तिला ओट्यावर आणणं बंद केलं होतं. सुईणीची नात अशी कुणी बघू नये. कुणी विचारलं की मी म्हणायची, झोपलीय.

चार दिवसांनी अंगणवाडीच्या दारावर तीन नावं लागली. पट्टी लालवर आलेली लेकरं. तालुक्याच्या दवाखान्यात आईसकट दोन आठवडे ठेवून त्यांना खाऊ-पिऊ घालणार होते. त्या दुपारी माझ्या ओट्यावर बायांची बैठक बसली आणि मी त्या तिघींची एकेक करून साल काढली. एकीला स्वयंपाक येत नाही, दुसरी दिवसभर शेजारच्या दारात, तिसरीचं तर काय बोलायचं. "पोसता येत नाही तर काढतात कशाला," असं मी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. आत चुलीपाशी मनकर्णा पोरीला घेऊन बसली होती. हसणं तिला ऐकू गेलंच असणार.

त्याच दिवशी, बाया गेल्यावर, ती माझ्यापुढं आली आणि तिनं गोधडीच्या दोऱ्याचे दोन तुकडे चुलीच्या कडेला शेजारी शेजारी ठेवले. मला आधी कळलं नाही. एक लांब होता, दुसरा त्याच्यापेक्षा पेरभर आखूड.

"हा पिंकीच्या दंडाचा," ती म्हणाली. "हा भागूचा."

मी चुलीत लाकूड पुढं सारलं.

"आत्याबाई, त्या ताई आज शाळेत मुक्कामाला हायत. उद्या जातील. भागूला बी नेऊ का?"

मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढंच सांगते की, सुईणीची नात रांगेत उभी करायची का, असं मी विचारलं, आणि तुझ्या छातीचं दूध आटलं हे आधी गावाला सांगून ये, असंही म्हटलं. मग ते दोन्ही दोरे उचलून चुलीत टाकले. ती उठली नाही. दोरे जळून गेले तिकडं बघत बसली, आणि मग पीठ मळायला घेतलं.

पुढच्या खेपेला दिगंबर आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं असावं. भिंतीपलीकडं दोघांचं हळू आवाजातलं बोलणं चाललं होतं, त्यातलं मला एकच ऐकू आलं. दिगंबर म्हणत होता, आईला विचार.

मग सव्वा महिना गेला. अनुसयेची लेक बाळाला आणि पिंकीला घेऊन सासरी गेली. आणि एक दिवस मला भागूचे पाय भरल्यासारखे दिसले. पावलं गोल झाली होती, गालसुद्धा थोडे वर आले होते. मी मनकर्णेला बोलावून दाखवलं. बघ म्हटलं, धरलं अंग लेकरानं. उगीच दवाखाना दवाखाना करत होतीस.

आता हे मी ज्या हातानं लिहितेय त्याच हातानं आयुष्यभर बाळंतिणींच्या पायावर बोट दाबून सूज ओळखली आहे. दिवस गेलेल्या बाईच्या घोट्यावर बोट दाबायचं, खड्डा लगेच भरला तर ठीक, राहिला तर गाडी बोलवा. हे मीच गावाला शिकवलं. माझ्या नातीच्या पावलावर मी बोट दाबून बघितलं नाही. बघावंसं वाटलं नाही. दिसत होतं तेवढ्यावर मी खूष होते.

हेमांगी दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्याबरोबर तिचे वरचे साहेब होते आणि जीपगाडी होती. या वेळी घरोघर जाणार नव्हते, सगळी लेकरं अंगणवाडीत बोलावली होती. मी आधीच ठरवून ठेवलं होतं की लेकरू मामाच्या गावाला गेलंय म्हणून सांगायचं. मनकर्णेलाही तसंच बजावलं. ती हो म्हणाली. मी न्हाणीतून येईपर्यंत घर रिकामं होतं. पाळण्यात भागू नव्हती.

मी पदर खोचून निघाले. अंगणवाडीच्या अंगणात गावातल्या पंचवीस-तीस बाया, कडेवर लेकरं, आणि त्यांच्यात मनकर्णा, कुणाच्या पुढं नाही, कुणाच्या मागं नाही, रांगेत. कडेवर भागू. उन्हात ती मला आणखीच पांढरी दिसली. बाया तिच्याकडं बघत होत्या आणि मग माझ्याकडं. कुणाकुणाला तर पहिल्यांदाच कळत होतं की माझ्या घरात असलं लेकरू आहे. मला मनकर्णेचा हात धरून मागं ओढावंसं वाटलं. पण तेवढ्यात नाव पुकारलं.

हेमांगीनं पट्टी गुंडाळली. लाल. तिनं वही बघितली, पुन्हा पट्टी बघितली. मग तिनं वहीवर हात ठेवला, जणू काही झाकायचंय. साहेब मागं उभेच होते. त्यांनी वही घेतली आणि वाचली. मागच्या खेपेला चौदा सेंटिमीटर, या खेपेला अकराच्या आत? सव्वा महिन्यात?

ते खाली बसले आणि त्यांनी अंगठ्यानं भागूचं पाऊल दाबलं. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. मी चार हातांवर उभी होते. मला तो खड्डा स्पष्ट दिसला, आणि त्या अंगणात त्याचा अर्थ साहेबांच्या आधी मला कळला.

साहेब हेमांगीला बाजूला घेऊन बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सगळ्यांसमोरच विचारलं की मागच्या वेळी घरी जाऊन मोजलंस का झाडाखाली बसून आकडे भरलेस? या आकड्यांवर उद्या कुणीतरी ठरवणार आहे की कुठल्या गावात काय द्यायचं. असे आकडे असतील तर लोकांच्या पोरांशी तू खेळतेयस. हेमांगीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मी मोजलं होतं, सर. पण ही मुलगी नव्हती."

"मग कोण होती?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "आजी, त्या दिवशी तुमच्या मांडीवर कोण होतं?"

सगळं अंगण माझ्याकडं वळलं. त्यातल्या निम्म्या बायांची बाळंतपणं मी केली होती. त्यातल्या तिघींना मी ओट्यावर बसून सोलून काढलं होतं, त्याही तिथं होत्या, दवाखान्यातून आलेली लेकरं कडेवर घेऊन, आणि त्यांची लेकरं आता माझ्या नातीपेक्षा बरी दिसत होती. मला एकच शब्द बोलायचा होता. पिंकी. 

"मी दिली होती शेजारची पोर," मनकर्णा म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच, कालवण काय केलं ते सांगावं तसा. माझी पोर वाळकी दिसू नये म्हणून मी शेजारची ओट्यावर आणून बसवली, म्हणाली. आत्याबाईंना कानानं कमी येतं. त्यांना वाटलं, ताई पिंकीचंच विचारतायत.

माझे कान कसे आहेत हे गावाला माहीत होतं. दोन गल्ल्या पलीकडं कुणी माझं नाव काढलं तरी मला कळतं असं बाया म्हणायच्या. हेमांगीलाही माहीत होतं, ती माझ्याशी दोन हातांवरून बोलली होती. ती मनकर्णेकडं बघत राहिली. पण बायांना एवढं पुरलं. अनुसया पुढं झाली. माझ्या नातीला असं दुसऱ्याच्या नावानं काट्याला टांगलंस, तुला काही वाटलं नाही? आई आहेस का कोण आहेस? मागून आणखी कुणी बोललं, मग आणखी कुणी. जीव जात होता लेकराचा आणि ही झाकत होती. मनकर्णा खाली बघून भागूच्या डोक्यावर पदर ओढत होती.

आणि मग अनुसया माझ्याकडं वळून म्हणाली, प्रयागाबाई, तुम्हाला तरी कसं कळलं नाही हो घरात राहून?

मी म्हटलं, "काय करू बाई. असली सून पडली पदरात."

हे मी म्हटलं. हेमांगीसमोर, मनकर्णेसमोर. आवाज कापला नाही माझा.

साहेबांनी आणखी वेळ घालवला नाही. त्याच जीपमध्ये मनकर्णेला आणि भागूला बसवलं. तिच्या अंगावर घरातलं लुगडं होतं, पायात चप्पल नव्हती. मी चप्पल आणायला घराकडं वळले आणि परत आले तोवर जीप गेलेली होती. चपला हातात घेऊन मी उभी राहिले.  सगळ्यांना वाटलं, बिचारी सासू.

पुढचे तीन दिवस बाया ओट्यावर येत होत्या, माझं सांत्वन करायला. पहिल्या दिवशी मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हटलं. तिसऱ्या दिवशी दार लावून आत बसले. बकरीचं दूध काढलं आणि ते हॉटेलात पाठवावंसं वाटेना, घरी प्यावंसं वाटेना. ते मांजर प्यालं.

चौथ्या दिवशी भाकरी बांधून घेतल्या, चपला पिशवीत टाकल्या आणि एसटीनं तालुक्याला गेले. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एका खोलीत आठ खाटा होत्या. भिंतीला फळं आणि भाज्यांची चित्रं. तिथल्या कामवाल्या मावशीला विचारलं, बोरखेडीची मनकर्णा कुठं? ती म्हणाली, ती होय, पोर लपवणारी? ती कोपऱ्यातली.

म्हणजे नाव इथवर आलं होतं. आणि ते नाव तिचं नव्हतं.

मनकर्णा खाटेवर मांडी घालून बसली होती. वाटीतलं दूध चमच्यानं भागूला पाजत होती, मधूनमधून थांबून, भागू गिळते का ते बघून. भागूच्या पावलांची सूज उतरली होती आणि पाय काडीसारखे दिसत होते. मला वाटलं आणखी वाळली. पण ती चमच्याकडं मान पुढं करत होती. चमचा थांबला की हात वर करायची. सहा महिन्यांत मी तिला काही मागताना बघितलं नव्हतं. भागू आज माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि अजून चांगली खाते, पण ती हात वर करणारी भागू माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही.

मी चपला खाटेखाली ठेवल्या. मनकर्णा म्हणाली, बसा आत्याबाई, भाकरी खाल्ली का? दुसरं काही नाही. तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मीही चार शब्द बोलले असते.

पलीकडच्या खाटेवर आमच्याच गावची शेवंता होती, तिचा लेक त्या दिवशीच्या मोजणीत लालमध्ये निघाला होता. तिनं मला रामराम घातला आणि माझ्या सुनेकडं पाठ करून बसली.

तेवढ्यात हेमांगी आली. हातात नवा फॉर्म. मला बघून थबकली. स्टूल ओढून मनकर्णेजवळ बसली. प्रत्येक लेकराचा एक फॉर्म भरायचा होता, उपचाराला उशीर का झाला, याचा. कुठल्या घरात दवाखाना लांब पडतो, कुठं मजुरी बुडते, कुठं घरचे येऊ देत नाहीत, हे त्यांना शोधायचं होतं. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, मूल का दाखवलं नाही? मनकर्णा म्हणाली, लोक हसतील म्हणून. कुणाला विचारलं होतं? कुणाला नाही, माझं मीच ठरवलं. घरात कुणी विरोध केला? नाही.

हेमांगी लिहीत होती. तिला सगळं माहीत होतं आणि तरी ती लिहीत होती, कारण आईनं सांगितलं तेच लिहायचं असतं. मी त्या पेनाकडं बघत होते. त्या कागदावर माझ्या सुनेचं खोटं चढत होतं, एकेक ओळ. असल्या किती कागदांवरून ते ठरवणार होते की गरिबाच्या घरात आया काय करतात.

"ते खोड," मी म्हटलं.

हेमांगीनं वर बघितलं.

"खोड आणि लिही. प्रयागा ज्ञानोबा, वय साठ-बासष्ट, सुईण. पोर मी लपवली. मांडीवर दुसरीचं लेकरू होतं आणि तू विचारल्यावर मी हो म्हटलं. ही मला सांगायला आली, मी तिचं तोंड बंद केलं. आणि माझे कान चांगले आहेत."

शेवंता वळून बसली. मी आवाज कमी केला नाही. मला माहीत होतं, मी एसटीतून उतरायच्या आत हे बोरखेडीत पोचेल. पोचू दे.

हेमांगी हळूच म्हणाली, अभ्यासात कुणाचं नाव येत नाही आजी, नुसता नंबर असतो. मी म्हटलं, तुझ्या अभ्यासात नसेल, गावात असतं. तिथलं मी बघीन. मग तिनं पेन कागदावर टेकवून विचारलं, कारण काय लिहू? लोक हसतील म्हणून?

"नाही," मी म्हटलं. "लोकांना मी हसत आले होते म्हणून."

 तिनं ते फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. पुढच्या बाजूला त्याच्यासाठी जागा नव्हती म्हणाली. मी तिला सांगितलं की त्या दिवशी तू माझ्यामुळं बोलणी खाल्लीस, तुझ्या साहेबाला हा कागद दाखव. ती म्हणाली, दाखवीन. जाताना तिनं भागूच्या डोक्यावरून हात फिरवला. मला ती काही म्हणाली नाही आणि म्हणावं असं मी काही केलंही नव्हतं.

मनकर्णा माझा पदर ओढत होती. डोळे भरलेले. "आत्याबाई, कशाला बोललात. चार दिवसांत गाव विसरलं असतं. तुमचं नाव..."

बाकीच्या सात खाटांवरच्या बाया ऐकत होत्या. मी भागूला तिच्या मांडीवरून उचललं नाही. तो हक्क मला त्या दिवशी नव्हता. उभी राहूनच बोलले.

"माझ्या नावाचं काय घेऊन बसलीस. चूक तुझीबी आहे, ऐक. तुला माझ्या आधी कळलं होतं, आणि तू माझं तोंड बघत बसलीस. तुझी पोर मरायला टेकली होती गं, आणि तू सासूचा मान राखत होतीस. माझ्या मानानं तिचं पोट भरत नव्हतं. आई म्हणून तू माझ्यापेक्षा शंभर पटींनी शहाणी आहेस, पण सून म्हणून भारी गरीब आहेस, आणि हा गरीबपणा मला माझ्या घरात चालणार नाही. आजपासून भागूचं मला काही विचारायचं नाही. मी आडवी आले, तर मला ढकलून पुढं जा."